एक महिना स्टिअरिंगशिवाय

२७ एप्रिल १९८७, सोमवार

वरचं एकशे ऐंशी, खालचं एकशे दहा!

डॉक्टरांनी दंडाला पट्टा दोनदा बांधला. दुसऱ्यांदाही तेवढंच. मग चष्मा काढून म्हणाले, "पुंजाराम, गाडीवर किती वर्षं झाली?" म्हटलं, चोवीस. "आता महिनाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एक जूनला परत या. खाली आलं तर गाडी, नाहीतर टेबल."

टेबल म्हणजे एसटी डेपोतली चौकशीची खिडकी. पैठणची कधी, जालन्याची गेली का — दिवसभर तेच. त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

डॉक्टरांनी यादी दिली. मीठ कमी, गोड कमी. सकाळी एक गोळी. तंबाखू बंद. रोज सकाळी तासभर चालायचं. नऊला झोपायचं. आणि आठवडाभर कुठंतरी हवापालट, "घरच्यांना घेऊन." मी हसलो. ते हसले नाहीत.

२८ एप्रिल

बिनमिठाचं वरण. माती खाल्ल्यासारखं लागलं. ही म्हणाली, "मी पन तेच खाल्लं." मग वाटी संपवली.

३० एप्रिल, गुरुवार

लक्ष्मीनं यादी मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली. पोरगी बारावीची परीक्षा देऊन बसलीय, तिला आता दुसरा उद्योग नाही. पाचला उठवते. "दादा, चला!"

भावसिंगपुऱ्यातून बीबीच्या मकबऱ्यापर्यंत चाललो आणि परत. पोटऱ्या दुखतायत. दिवसाला तीनशे किलोमीटर जाणारा माणूस दोन कोसात थकला! चोवीस वर्षं बसूनच तर होतो. नुसता रस्ता पळत होता.

चालून आलो की झोप येईल असं डॉक्टर म्हणाले होते. नऊला आडवा झालो. नाही आली. ती तर वर्षभरापासून येत नाही. हे डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

२ मे, शनिवार

फारूख आला. माझा कंडक्टर. अकरा वर्षं एकाच गाडीवर आहोत. रोजे चालू आहेत, पाणीसुद्धा घेतलं नाही. ओट्यावर बसला. नेहमी खुलून बोलतो, आज जरा गप्पच.

"क्या उस्ताद, नमक बंद?"

"नमक बंद, तंबाखू बंद, गाडी बंद."

"चांगलंय की. आराम करा." मग म्हणाला, "भाभीला कुठं घेऊन जा. अकरा वर्षं बघतोय मी, तुम्ही सगळ्या दुनियेला फिरवलं. घरच्यांना कुठं नेलं का कधी?"

मी म्हटलं, नेलं की, पैठणला. आतून ही म्हणाली, "ते लगीन होतं. सासूबाईच्या भाचीचं."

फारूख हसला. जाताना दारात थोडा वेळ थांबला. काही बोलायचं होतं वाटतं. मग गेला.

५ मे, मंगळवार

आज एक गोष्ट कळली. सहावीत लक्ष्मीला निबंध होता, मी पाहिलेले थंड हवेचे ठिकाण. तिनं महाबळेश्वरवर लिहिला. मी उन्हाळी जादा गाडी घेऊन जायचो, परत आलो की जेवताना सांगायचो — धुकं, स्ट्रॉबेरी, घोडे. ते सगळं तिनं उतरवलं. "आम्ही सर्वजण गेलो होतो" असं. वर्गात पहिला नंबर! बाईंनी वाचून दाखवला.

"मग कुणी विचारलं नाही?"

"विचारलं ना. मैत्रीण म्हणाली, घोड्यावर बसलीस का. मी म्हटलं, व्हय, पांढऱ्या."

ती हसत सांगत होती. मला हसू येईना. खरं तर मी तिथं स्टँडवरून कुठं गेलोच नव्हतो. घोडे लांबूनच पाहिलेले.

महाबळेश्वर लांब आहे, डॉक्टर लांबचा प्रवास नको म्हणाले. म्हैसमाळला जाऊ. ठरलं.

९ मे, शनिवार. म्हैसमाळ

गाडीत मागच्या बाकावर बसलो, तिघं. ड्रायव्हर नवा पोरगा, वळणावर गिअर उशिरा टाकत होता. घाट लागला आणि माझा पाय आपोआप फळीवर दाबला जायला लागला. ब्रेक! ब्रेक! ही हळूच म्हणाली, "पाय उचला. तुमी न्हाई चालवत."

वर पोचलो तर दमून गेलो होतो. चालवण्यापेक्षा नुसतं बसणं जास्त दमवतं.

विश्रामगृहाचे चौकीदार कारभारी म्हणून आहेत, म्हातारे. त्यांची मागची खोली घेतलीय. हिनं आल्या आल्या झाडू मागितला! स्टोव्ह, पीठ, तिखट सगळं बांधून आणलेलं. कारभाऱ्यांची बायको साळूबाई, त्या दारात आल्या. स्टोव्ह बघितला आणि उचलून पलीकडं नेऊन ठेवला. "बाई, चार दिस भाकरी माझ्याकडं. तुमी बसा."

ही बसली. पण हात काही बसेनात. पदर नीट कर, चटईच्या काड्या तोड, लक्ष्मीची वेणी सोड, परत घाल. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हिला रिकामी बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

१० मे

झोपलो. काल दिवस मावळताना पडलो तो आज उन्हं वर आल्यावर उठलो. चौदा तास!

उठल्यावर भीती वाटली. इतकी झोप अंगात होती, आणि मी गाडी चालवत होतो.

११ मे, सोमवार

सकाळी तिघं गिरिजादेवीच्या देवळापर्यंत चाललो. वारा मस्त. मी नेहमीसारखा पुढं. मागं वळून पाहिलं तर ही बरीच मागं, चप्पल हातात. थांबलो. जवळ आल्यावर म्हणाली, "तुमी थांबल्यावर लई बरं वाटतं." एवढंच. मग दोघं एका चालीनं गेलो. लक्ष्मी करवंदांच्या जाळीत घुसली, हात लाल करून आली.

इतकं चांगलं चाललं असताना मला ते आठवलं. कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहितो.

मार्चची पंधरा तारीख. लग्नसराई. दोन दिवस सलग डबल ड्युटी केलेली. कुणी लादली नव्हती, मीच मागून घेतली होती. घरी पडून छताकडं बघण्यापेक्षा गाडी बरी. दुपारी जळगावहून येत होतो. गाडीत बावन्न माणसं. फुलंब्रीच्या अलीकडं माझी पापणी मिटली. किती वेळ, माहीत नाही. उघडली तेव्हा गाडी उजव्या कडेला, आणि समोर बैलगाडी. तीत एक बाई, मांडीवर लेकरू.

कसं वळवलं मला आठवत नाही. बैल बुजले. बाई ओरडली. आमची गाडी निघून आली. मागून कुणीतरी शिवी दिली, मी म्हटलं, खड्डा होता. फारूख मागं तिकिटं फाडत होता. सगळे परत आपापल्या बोलण्यात. पाच मिनिटांत संपलं.

मला संपलेलं नाही. त्या लेकराच्या डोक्यावर लाल टोपडं होतं.

हे ब्लडप्रेशरच्या पट्ट्यात दिसत नाही.

१२ मे

आज काही लिहायचं नाही असं ठरवलं. तळ्याकाठी बसलो. साळूबाईंचं पिठलं. बिनमिठाचं माझं वेगळं काढलेलं — हिनं सांगितलं असणार.

१३ मे, बुधवार

घरी आलो. येताना वाट वाकडी करून वेरूळला उतरलो. लक्ष्मीचा हट्ट.

दोन वर्षं मी सहलीची गाडी चालवत होतो. रोज वेरूळ. हिशोब केला तर सातशे वेळा तरी आलो असेन. ही म्हणाली, "तुमी दाखवा, तुमाला सगळं ठावं आसंल."

मला काहीच ठाऊक नव्हतं. माणसं उतरली की मी गाडीच्या सावलीत पंचा टाकून पडायचो. दोन तासांनी हॉर्न. चला, चला! लोक धुळीनं भरलेले, तोंडं लाल, एकमेकांशी बोलत यायचे. काय बघून आलात, असं कधी विचारलं नाही. आत एकदाही गेलो नाही. तिकीटघरसुद्धा कुठं आहे ते लक्ष्मीनं शोधलं.

कैलास लेण्यात शिरलो आणि उभाच राहिलो. ही मान वर करून म्हणाली, "हे वरून खाली फोडत आणलंय व्हय?" लक्ष्मीनं सांगितलं, हो, एकाच दगडात. "बाई गं. मग घाई नसंल त्यांना."

गर्दीत ही दिसेनाशी झाली. मी आवाज दिला, "अगं ए!" पाच-सहा बायकांनी वळून पाहिलं. परत दिला. परत त्याच. शेवटी मोठ्यानं ओरडलो, "आवडा!" सव्वीस वर्षांत नाव घेतलं नव्हतं. ती एका दगडी हत्तीमागून आली, तोंडाला पदर लावून हसत होती. लक्ष्मी तर खालीच बसली हसून.

पायरीवर तिघं टेकलो. तेव्हा तिला सांगणार होतो, फुलंब्रीचं. तोंडापर्यंत आलं. ती म्हणाली, "एक बरं झालं हं तुमचं प्रेशर वाढलं." आणि परत हसायला लागली. नाही सांगितलं.

१६ मे

परत तेच घर, तेच ऊन. चालणं चालू. वजन दोन किलो उतरलं.

२२ मे, शुक्रवार

दवाखान्यात दाखवून आलो. एकशे पन्नास! कंपाउंडर म्हणाला, "असंच ठेवा, गाडी पक्की." ही इतकी खूश की शेजारी भागूबाईंना जाऊन सांगून आली.

मी खूश आहे का? गाडी पाहिजे. गाडीशिवाय मी कोण? चौकशीच्या खिडकीतला म्हातारा. पण सकाळी चालताना रस्त्याच्या कडेनं बैलगाडी आली की मी थांबतो. लक्ष्मी म्हणते, दादा दमलात का. मी हो म्हणतो.

झोप म्हैसमाळसारखी परत आली नाही. तीन-चार तास. बाकी नुसतं पडणं. अंगात कायम ओझं. काल भर दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागला, हातातला पेला पडला. हिनं काचा गोळा केल्या.

२९ मे

फारूखच्या घरी ईद. तिघं गेलो. त्याची बायको गुलशन, तिनं माझ्यासाठी अर्धीच वाटी शिरखुर्मा आणला. "डॉक्टर का हुकूम है ना भाईजान." हिनं तीन वाट्या खाल्ल्या!

फारूखची गळाभेट घेतली. म्हटलं, "एक तारखेला दाखला मिळणार बघ. दोन दिवसांत आपण परत गाडीवर." तो म्हणाला, "इन्शाअल्ला." आणि पोरांना पाणी द्यायला म्हणून आत गेला.

१ जून, सोमवार

वरचं एकशे अडतीस, खालचं अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास! याला म्हणतात साध्या सवयी. औषधाची गोळीसुद्धा अर्धी करू." मग कागद पुढं ओढून विचारत गेले. चक्कर? नाही. छातीत दुखतं? नाही. झोप लागते?

मी म्हणालो, लागते.

दाखल्यावर 'गाडी चालवण्यास पात्र' लिहिलं, शिक्का मारला. डेपोत दाखवला. परवापासून जळगाव. सगळ्यांनी हात मिळवले. घरी आलो तर हिनं दाराला तोरण बांधलेलं. पुरण घातलं होतं, माझ्या वाटणीचं गोड कमी.

लक्ष्मीनं यादी दारावरून काढली नाही. "ही राहू द्या दादा. आता जन्मभर."

सगळी जेवत होती, बोलत होती. मी ताटावरून लवकर उठलो. म्हटलं, दमलोय. खोटं नव्हतं.

२ जून

सकाळी फारूख आला. ओट्यावर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "उस्ताद, मी दुसरी गाडी मागून घेतली."

मी विचारलं, का रे, माझं काही चुकलं?

"मार्चमध्ये त्या दिवशी मी तुमच्या आरशात बघत होतो. तुमचे डोळे मिटलेले होते. अडीच महिने थांबलो. वाटलं, उस्ताद खुद सांगतील." रडत होता. "मी सांगणार नाही कुणाला. पण मला बसवणार नाही त्या गाडीत."

ही दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आत जाऊन माझा शर्ट आणला.

डेपोत साहेबांपुढं दाखला ठेवला आणि सांगितलं. बैलगाडी, बाई, लेकरू, सगळं. झोपेचंही. साहेबांनी दाखला पुढं ओढून वाचला. मग म्हणाले, "तुमच्याविरुद्ध कुणी तक्रार केलीय का?"

फारूख दाराशी उभा होता.

"नाही," मी म्हणालो. "मीच करतोय."