फ्रिजच्या कवितेला शेपूट जोडू नये म्हणून

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, व्यवसाय छापखान्यात मजकूर तपासणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. मला ऑटिझम आहे; डोकं ठिकाणावर आहे. दादाने हे वाक्य दोनदा वाचावे.

१. दोन खोल्यांचे राहते घर व बँकेतील शिल्लक दादा आणि ताई यांना समसमान. स्वयंपाकघरातली ट्यूबलाइट किणकिणते. तुम्हाला ऐकू येत नाही, ठाऊक आहे. तरी बदला.

२. आवाज अडवणारा माझा हेडफोन दादाला. माझ्या सत्काराला याने तो काढायला लावला, "चारचौघांत बरं दिसत नाही" म्हणून. टाळ्या सुरू झाल्या आणि मी टेबलाखाली बसले. हा माइकवर म्हणतो, "भारावून गेली हो!" भारावून कसली डोंबलाची, कान फुटत होते.

३. माझ्या सर्व कविता, छापलेल्या व न छापलेल्या, हक्कांसह ताईला. दादाला एकही नाही. कारण लिहून ठेवते, नाहीतर मागाहून मलाच विक्षिप्त ठरवाल. आई गेली त्या दिवशी कोणीतरी तिचा फ्रिज बंद केला. वर्षानुवर्षं ऐकलेली घरघर थांबली. मी तेवढंच लिहिलं. दादा म्हणाला, "अगं, यात भावना कुठाय?" आणि मला न विचारता, मासिकाला देताना खाली जोडून दिलं, 'आई, तू कुठे गेलीस?' लोक त्या ओळीला रडतात. अरे, आई कुठे गेली ते मला माहीत होतं! दवाखान्याच्या कागदांवर सही मीच केली होती. घर गप्प झालं होतं आणि मला ते सोसत नव्हतं. हीच भावना होती, बाबा! आणखी कुठली हवी होती?

ताईला कविता कळत नाहीत. "मला कंटाळा येतो गं," असं तोंडावर सांगते. पण टाइप करून देताना तिने आजवर एक स्वल्पविराम हलवलेला नाही. म्हणून तिला.

४. माझ्यामागे सभा घेऊ नये. दादा घेणारच. तेव्हा फ्रिजची कविता ताईने वाचावी, किराण्याची यादी वाचते त्या आवाजात, आणि घरघर थांबते तिथे थांबावे. ताई, रडू आलं तर खुशाल रड. कवितेत काही घालू नकोस.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, ट्यूबलाइट बंद करून.
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपारी.
सही: (केली आहे)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सही केली:
१. डॉक्टरीणबाई
२. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका

काका सही करताना म्हणाले, "शेवट जरा गोड करा की." केलेला नाही.