भजी पुसून खाणारा

१२ जानेवारी, सोमवार

कालचं पान सानीकडून वाचून घेतलं. मी बोलले ते त्यात कायबी न्हाई. "आज शेतातील वालाच्या शेंगा तोडण्याचे काम पूर्ण झाले." हे कोण बोललं? मी म्हणले होते, शेंगा तोडून कंबरड्याचं पार भुसकट झालं, आन् सूनबाई बांधावर उभी राहून फोनवर गप्पा हाणत होती. ते कुटं गेलं?

सानी म्हणाली, "आजी, लिहिताना असं गावठी चालत नाही."

नात माझी. अकरावीला लोणावळ्याला जाते. बोलायचं मी, लिहायचं तिनं, असं ठरलंय. मला अक्षर येत न्हाई, पण कान शाबूत हायेत. सांगितलं, बोलते तसं लिही, न्हाईतर पेन खाली ठेव. कपाळाला आठ्या घालून लिहितीय.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला. सरपंचीणबाई येऊन गेल्या. रथसप्तमीला देवळापुढं बायांचं हळदीकुंकू, आन् खेळ घ्यायला माईक सानीकडंच. गेल्या साली पोरीनं काय रंगवलं होतं! दोरीउड्या, फुगे, सासवा-सुनांची जुंपाजुंपी. मधीच एकेकीची अशी फिरकी घ्यायची की बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या.

सानी आतून म्हणाली, "मावशी, यंदा मला नाही जमणार. अभ्यास आहे."

अभ्यास! आरशापुढं उभं राहून ओठ मिटून हसायचं चाललंय दिवसभर. दात दिसले की परत पयल्यापास्नं. हा कुठल्या विषयाचा अभ्यास? शिसारी आली मला बघून.

(हे लिहायला तयार नव्हती. तिळाची वडी जादा देऊन लिहून घेतलं.)

१६ जानेवारी, शुक्रवार

सानीच्या उशीखाली पुस्तक सापडलं. सापडलं म्हणजे, गोधड्या उन्हात घालायच्या होत्या. जपानी म्हणे. आत नुसती चित्रं. माझं बरं झालं, चित्राला अक्षर लागत न्हाई. अंगणात बसून समदं बघितलं.

पयल्या चित्रात पोरगी देखणी. मान वर, जत्रेत उभी, आभाळात दारूकाम. शेजारी एक लांबड्या, केस एका डोळ्यावर. हातात हात. म्हटलं, असू दे. पण पानं उलटावीत तशी पोरगी सुकतच चालली. कानातलं गेलं. केस तोंडावर आले. जाड भिंगाचा चश्मा आला. मैत्रिणींत खिदळणारी पोर पुढं एकटीच डबा खातीय. लांबड्या होता तसाच. अखेरच्या चित्रात ती वर्गाच्या कोपऱ्यात मान घालून बसलेली, आन् हा मेला तिच्याकडं ढुंकूनबी बघत न्हाई.

थू! असली पुस्तकं पोरींच्या हातात देतात?

संध्याकाळी सानीला झाडलं. ती आधी भडकली, मग पोट धरून हसली. "आजी, हे पुस्तक उजवीकडून सुरू होतं! तू शेवटाकडून पाहिलंस. ती आधी घाबरट असते, मग तो तिला कॉन्फिडन्स देतो. लव्हस्टोरी आहे गं, गोड!"

"तुला कुणी दिलं?"

दाराकडं बघून म्हणाली, "आर्यननं. वर्गातला आहे. आईला सांगू नकोस. तो म्हणतो, मी पण थोडी बदलले तर छान दिसेन."

बदलायचं काय काय, ते विचारलं. हसताना दात दिसतात. बोलते मोठ्यानं. बोलण्यात न्हाई-व्हय येतं. माईकवरचा गेल्या सालचा व्हिडिओ बघून त्याला म्हणे कसंतरीच झालं.

मी म्हटलं, मग मी बरोबर बाजूनंच बघितलं की.

तिचं हसणं थांबलं. पुस्तक उचलून आत गेली.

हे पान ती फाडून टाकू म्हणत होती. फाड म्हटलं, दुसऱ्यांदा सांगताना तिखटमीठ लावून सांगीन.

१८ जानेवारी, रविवार

धरणाच्या रस्त्याला आमची भज्यांची टपरी. रेखा, म्हणजे सून, तळते. सानी प्लेटा देते. मी कांदा चिरते. रविवारचा नुसता उकिरडा करतात गाड्यावाले. खातात हितं, आन् कागद-बाटल्या खाली पाण्याकडं भिरकावतात. वर देखावा किती सुंदर म्हणून फोटो काढतात.

दुपारी स्कूटरवरनं तीन पोरं उतरली. सानी हातातली प्लेट टाकून ताडपत्रीमागं. वाकून बघितलं तर उकिडवी बसलेली, ओढणी डोक्यावरनं. म्हटलं, कोण आलंय, पोलीस? बोट ओठावर ठेवून हात जोडले पोरीनं.

मग कळलं. त्यातल्या एकाचे केस एका डोळ्यावर होतेच.

मुद्दाम मीच प्लेट घेऊन गेले. त्यानं एकेक भजं कागदानं पुसून, दाबून, परत पुसून खाल्लं. भजी पुसून खाणारा माणूस मी ह्या वयात पयल्यांदा बघितला. वर विचारतो, "आजी, पाणी बाटलीतलंच आहे ना?"

व्हय म्हटलं, मीच भरलंय बाटलीत.

ती पोरं गेल्यावर सानी बाहेर आली. तिनं त्याला सांगितलंय, आमच्या घरच्यांचं लोणावळ्यात, वलवणला हॉटेल हाये. 

परत कांदा चिरत बसले. त्याची शिसारी आली ती एक. पण आपल्याच आईची लाज वाटून ताडपत्रीमागं लपून बसलेली पोर... राहू दे. खोड ते. खोडू नको, राहू दे.

२० जानेवारी, मंगळवार

हे रेखाच्या फोनमधी बोलून ठेवतीय. बटण तिनं दाबून दिलं आन् गेली पाण्याला. सानी लिहीत न्हाई, बोलतबी न्हाई. राग निवला की ऐकून लिहील.

काल मी तिला म्हणले, आईच्या हातावर तेलाचे चट्टे हायेत, ते कुठल्या ताडपत्रीमागं लपवणार? तर फाडकन म्हणाली, "तुला काय कळतं? तू कधी कुणाला आवडली होतीस का?"

ऐक तर मग. मला बघायला आले तवा चार म्हाताऱ्या होत्या. चालून दाखव म्हणल्या. चालले. वेणी सोडून दाखव. सोडली. एकीनं तर हनुवटी वर करून दात बघितले. बाजारात बैलाचे बघतात, तसे. तुझ्या आजोबाचं तोंड मी लग्नात बघितलं. बरं होतं. पण त्या म्हातारीचं बोट माझ्या हनुवटीला लागलं ती किळस अजून गेली न्हाई. मला वाटत होतं, ते समदं सरलं, पोरी सुटल्या. आन् तू आपल्या पायानं जाऊन चालून दाखवतीस, दात मिटून दाखवतीस.

प्रेम कर की, मी कुटं आडवी येते? लांबड्यावर कर न्हाईतर बुटक्यावर कर. पण रोजच्या रोज बघायच्या कार्यक्रमाला बसू नगंस, सानी.

हे बंद कसं करायचं? रेखा! अगं ए रेखा!

२३ जानेवारी, शुक्रवार

सानीनं वरचं लिहून काढलं. रेखाला हाक मारलेलीबी लिहिली. काय गाळलंस का विचारलं, तर "काही नाही गाळलं." खरं-खोटं देवाला ठाऊक.

माईक घेणार म्हणाली. मी हरखले. मग कळलं, आर्यन यायचाय बघायला. पोरी, त्याच्यापुढं उभं राहायला निघालीस ते चांगलं, म्हटलं. पण ही कागदावर लिहून पाठ करतीय. "उपस्थित सर्व माता-भगिनींनो." माता-भगिनी! ताप आल्यागत झालं मला. त्या भगिनींनी हिला कडेवर घेऊन शेंबूड पुसलाय हिचा.

२६ जानेवारी, सोमवार

काल रथसप्तमी झाली. मांडव बायांनी भरला. मला नवरा गेल्यापास्नं कुंकू लावत न्हाईत, म्हणून मी कडेला चपलांपाशी बसते. जागा वाईट न्हाई, समदं दिसतं. रस्त्याच्या कडेला स्कूटरबी दिसली.

सानी उभी राहिली. ओठ मिटून, नजर कागदात. "आता आपण फुगे फुगवण्याची स्पर्धा घेणार आहोत." बाया एकमेकींच्या साड्यांचे काठ बघायला लागल्या. फुग्यांचा खेळ सुतकात खेळल्यागत गेला. माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. चपलांतनं ओरडले, "ए बाई, तू कुणाच्या घरची गं? आमच्या सानीला पाठव की हिकडं!"

बाया फिस्कन हसल्या. सानी लाल. रेखानं माझ्याकडं डोळे वटारले. मीबी मनात म्हटलं, म्हातारे, तोंड आवरायचं होतंस, पोर आता रडती.

सानीनं कागदाची घडी करून कमरेला खोचली.

"म्हातारे, तू गप चपला सांभाळ! गेल्या साली माझी नवी कोरी चप्पल तुझ्याच पहाऱ्यात गेली!"

मांडव उठला नुसता. पुढं पोर थांबतीय कशाची. "ही चपलांची राखणदार माझी आजी बरं का, आन् ती हिरव्या साडीतली, तोंड लपवणारी, ती माझी आय. धरणावर भजी तळती. आये, लाजतीस काय, ऊठ! पयली दोरी तुझी!"

रेखा उठली. पदर खोचून दोरीवर अशी उडाली की आंबाडा सुटला. सानीचे वरचे-खालचे समदे दात दिसत होते. त्या गडबडीत स्कूटर कधी गेली ते मी बघितलं न्हाई.

आज सकाळपास्नं तिचा फोन वाजतोय. काय म्हणतो विचारलं.

"सॉरी म्हणतोय. आणि रागावलाय पण."

"म्हणजे काय गं?"

"मला पण न्हाई कळत, आजी."

तोंड उतरलंय. मला वाटलं होतं, काल समदं मिटलं. पण भजी पुसणारा हिला अजून आवडतो. माझ्या शिसारीनं तिची आवड कशी जाईल? ओकारी मला आली तर पोट माझंच साफ होणार.

लिहिता लिहिता आत्ता परत वाजला. पेन अडखळतंय. फोनचा उजेड तिच्या तोंडावर पडलाय. उचलत न्हाई. बंदबी करत न्हाई.