फिल्टरचा दिवा

बाबा,

ट्रक मी नेलाय, शोधत फिरू नका. धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा पुन्हा लागला होता. हायवेला चांगला दामटल्याशिवाय आतली काजळी जळायची नाही, आणि मध्येच इंजिन बंद केलं तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून फोन उचलायलाही थांबणार नाही.

मागच्या वेळी मेकॅनिक माझ्यावरच डाफरला, “थंडीत गाडी जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवलं की फिल्टर तुंबणारच, कळत नाही का?” आई गेल्यापासून तुम्ही रोज ‘इंजिन गरम करतो’ म्हणून केबिनमध्ये जाऊन बसता, हे त्याला काय सांगणार?

चहा थर्मासमध्ये आहे. उद्यापासून घरातच बसा. रडू आलं तर रडा. मलाही एकटीनं रडायचा कंटाळा आलाय.