खांद्यावरचा हात

टाकोराडी बंदर, घाना

तीर्थरूप आईस तुझ्या बाबल्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, ताप उतरला. तुझा गुडघा कसा आहे? फोनवर तोंडातून भलतंच निघालं असतं, म्हणून लिहितोय.

आपल्या धाकट्या ऋतिकाने घरातल्या भिंतीचा फोटो पाठवला. बोटीवरचा माझा फोटो तू चौकटीत लावलास, पण बाजूचा माझा खलाशी दोस्त कोफी कापून टाकलास. का, तर पाहुणे विचारतात, हा काळा कोण?

तापात मला पेज भरवणारा कोण, ते सांगायचं होतंस त्यांना!

काल कोफीने मला इथला जुना किल्ला दाखवला. खाली अंधारकोठडी. तिथे माणसं कोंबायचे आणि जहाजात भरून उसाच्या मळ्यांवर विकायला न्यायचे. वर गोऱ्यांचं प्रार्थनाघर! कोफी म्हणाला, "आधी आम्हाला विकलं. मग मन खायला लागलं, तेव्हा काळा म्हणजे जनावर, असं ठरवून टाकलं."

आई, आत्या तुला कायम काळुंद्री म्हणायची. तू मागीलदारी जाऊन रडायचीस, मी बघायचो. आणि आता तूच कात्री घेतलीस?

फोटोत माझ्या खांद्यावर त्याचा हात तेवढा राहिलाय. तो कापला असतास तर माझा खांदाही गेला असता.

अख्खा फोटो ऋतिकाकडे आहे, तो लाव. सुट्टीत कोफी माझ्याबरोबर मांडवीला आपल्या घरी येतोय. स्वतःचा हात तो ओळखेल.

रागावलेला, तरी तुझाच,
बाबल्या