सुतकातली ग्रामसभा

बाबा, तुम्ही गेल्यापासून दर वर्षी तुम्हाला पत्र लिहिते; गेल्या वर्षीच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. गावाची बोंबील सुकवायची जागा देवळाला दिली, त्या ग्रामसभेत तुम्ही भांडलात, असं लिहिलं होतं. तुम्ही भांडला नव्हतात. आजी नुकतीच गेली होती, सगळ्या भावकीला सुतक होतं आणि ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात. तुम्ही पंचायतीचे सदस्य, तरी पायरीखालीच थांबलात. आत हात वर होतायत, ठराव होतोय, आणि तुम्ही मला ऊन लागू नये म्हणून माझ्या डोक्यावर रुमाल धरून उभे आहात. शाळेत घालण्याआधी, जाळं शिवता शिवता, मला अक्षरं तुम्हीच शिकवलीत. अक्षर वाईट चालेल, खोटं लिहू नकोस, म्हणायचात. म्हणून ही दुरुस्ती.

आता मी सरपंच आहे. पंचायतीची जुनी इमारत पाडली. नवी देवळाच्या सभामंडपावर मजला चढवून बांधायची, असा ठराव येतोय, आणि परवाच थोरले काका गेले. आज तुमचे मित्र, देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष, दारात आले.

"पोरी, सुतक हाय तुला. घरी बस. उपसरपंच बघतील."

"देवळात मी येत नाय, मामा. सभाच शाळेच्या मैदानात घेते."

"पंचायत काय देवीपेक्षा मोठी झाली?"

"मोठी नाय. वेगळी हाय."

"तुझ्या बापानं कदी तोंड उघडलं नाय."

"म्हनून तर आईनं जन्मभर बोंबील घराच्या पत्र्यावर सुकवले."

ते चहा न घेता गेले. देवीची ओटी मी दर नवरात्रात भरते, पुढेही भरीन. तिच्या उंबरठ्याचे नियम तिचे. पण घरात कुणी गेलं म्हणून माणसाचं मत बाहेर का राहावं? पाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी सोवळं-ओवळं का पाहावं? देश नव्याने उभारताना धर्म आणि राज्यकारभार वेगळे ठेवायचे, हे पालघरच्या कॉलेजात मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मला ते खरं समजलं तुमच्या गप्प राहण्यातून.

मी तुमच्यावर रागावलेली आहे, बाबा. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आणि भीतीही वाटते. कदाचित आपल्या भावकीशिवाय कुणी येणार नाही. तरी सभा मैदानातच होईल, आणि त्या ठरावाला पहिला विरोध माझा असेल. सोमवारी, सव्वीस जानेवारीला, सकाळी अकरा वाजता.