साडेतीन हजारांचा स्टॉल

३ फेब्रुवारी २०२४
शैला प्रभादेवीला भावाकडे, शामरावांकडे, गेली त्याला बारा दिवस. कारण क्षुल्लक. तिच्या आईच्या शोकसभेत मी पंचेचाळीस मिनिटं बोललो, त्यात आईंचं नाव यायचं राहिलं. वेळ कमी पडला.
निर्धार: तिला आपल्या गाडीतून सन्मानाने परत आणायचं. रविवारी, अकरा तारखेला येतो, असं कळवलं.

६ फेब्रुवारी
गाडी माझगावला ऑस्वाल्डच्या गॅरेजात ओढून नेली. जुनी ऑटोमॅटिक, चार वर्षं आवारात उभी. टॉर्क कन्व्हर्टर गेलाय, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा डबा. नवा घ्यायचा तर स्टॉल स्पीड निवडा: ब्रेक दाबून धरल्यावर इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा.
ऑस्वाल्ड म्हणाला, "दोन हजारवाला घे, गपचूप. लालबागवरून प्रभादेवीला जातोस ना? रेसला नाय."
मी तीन पुस्तकं वाचून गेलो होतो. साडेतीन हजार, म्हटलं. दबकत सुरुवात करणाऱ्यांनी इतिहास घडवलेला नाही. यावर वीस मिनिटं बोललो. तो पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "गणपत, साडेतीनवाली सिग्नलला नुसती ओरडते. सरकत नाय. सगळी ताकद तेल तापवण्यात जाते."
मुद्दा पटला नाही. ऑर्डर दिली.

१० फेब्रुवारी
पार्ट नाही आला. शैलाला कळवलं, पुढचा रविवार. म्हणाली, "अहो, गाडी कशाला? तुम्ही या ना."
तिला तांत्रिक बाजू समजावली. मध्येच फोन कट. नेटवर्क.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
गाडी तयार! ऑस्वाल्डने बजावलं, "ब्रेक दाबून टेस्ट करशील तर पाच सेकंद. सहावा नाय."
चाळीत आणली तर पंधरावीस माणसं जमली. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर. इंजिन गरजलं. समोर सभा भरलेली असताना गप्प बसणं मला जमत नाही. ताकद दाबून ठेवली की कशी वाढते, ते त्यांना समजावलं. पाय तसेच ठेवून. सेकंद मोजले नाहीत.
गॅलरीतून रखमाकाकू ओरडल्या, "रे गणपत, कायतरी जळताहा मरे!"
वास होता. नव्या तेलाला येतोच.

१८ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
इस्त्रीचा झब्बा. गिअर टाकला. इंजिन ओरडतं, चाक हलत नाही.
ऑस्वाल्डला फोन. "किती सेकंद धरलास?" मी म्हटलं, प्रश्न सेकंदांचा नाही. तो म्हणाला, "गिअरबॉक्स जळला, बाबा."
शैलाला म्हटलं, पंचवीसला नक्की. ती म्हणाली, "मंगळवारी लेकीकडे, अनुजाकडे चाललेय, नागपूरला. राहायलाच. तिला कळवलंय मी." आणि म्हणाली, "सकाळपासून खिडकीत बसले होते."
मंगळवारच्या आत गाडी होईल. ऑस्वाल्ड नाही म्हणतो, पण त्याला पटवतो.

२० फेब्रुवारी, मंगळवार
पटला नाही.
चालत निघालो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो. पूल चढताना सगळं विसरलो. आईंचं नाव तेवढं राहिलं. सुलोचना. तेच म्हणत गेलो.
शामरावांनी दार उघडलं. ती सकाळच्या गाडीने गेली. त्यांनी विचारलं, "गाडी कुठे लावलीत?"
चालत आलो, म्हटलं.
त्यांनी पाणी आणलं. खिडकीशी खुर्ची अजून तशीच होती.
लालबाग ते प्रभादेवी, पायी: अठ्ठावीस मिनिटं. त्यात दोनदा थांबलो.