ओसरीवरचं ओसरीवरच

१२ सप्टेंबर १९३८, सोमवार

केशोराव आला. बैठकीला. माझ्या ओसरीवर!

गावाचा मालगुजार तो. दारात जोडे काढले, घोंगडी स्वतःच्या हाताने पसरली आणि बसला. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. जागेश्वर शिंपी बसायला धानाची तणस अंथरत होता, त्याने माझ्याकडे पाहिलं — काय करायचं? मी काय सांगणार! आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा नियम माझाच.

डोळे मिटून आपला श्वास पाहायचा, एवढंच आमचं काम. मी त्याचाच श्वास ऐकत बसले. नाकातून शीळ येते त्याच्या. ती बंद पडावी असं मनात आलं. आलं ते लिहिलं.

१३ सप्टेंबर

आज कामात लक्ष नाही. लिहूनच टाकते.

सात वर्षांपूर्वी भादव्याच्या झडीत गावतलावाची पार, मातीचा बांध, फुटली. खालच्या टोल्यात, तिथल्या छोट्या वस्तीत, पाणी शिरलं. घरं गेली, रुख्माची लहानी पोर गेली. सकाळी आमचे हे सापडले — फुटलेल्या पारीखालच्या चिखलात, मुठीत कुदळ. केशोरावाने चावडीवर सांगितलं, उदारामच्या धानाच्या बांध्या तलावाच्या पोटात बुडत होत्या, म्हणून त्याने पार फोडली. कुदळ मुठीत होतीच. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

तेव्हापासून मी पारफोड्याची बायको. विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात.

त्या संध्याकाळी केशोरावाच्या घरून बोलावणं आलं होतं. 'मालकाचं काम आहे' एवढंच म्हणून हे गेले. मी शंभरदा सांगितलं. लोक म्हणाले, बायकोच ती, नवऱ्याचंच बोलणार.

माझी झोप उडाली. एका चौमाशात देवळात बैरागी उतरला होता, त्याने श्वास पाहायला शिकवलं. मी एकटीच बसायचे. एक दिवस रुख्मा येऊन शेजारी बसली. जिची पोर त्या पाण्यात गेली ती! मी कारण विचारलं नाही. तीच म्हणाली, "घरात पोरीचा आवाज येते बाई. इथं येत नाही."

मग एकेक करून बाकीचे आले. आता सोमवारी आणि गुरुवारी ओसरी भरते. कोणी देत नाही, कोणी घेत नाही. रुख्मा सारवते, जागेश्वर तणस आणतो, मी काशाची थाळी वाजवून बैठक उठवते. थाळीनंतर ज्याला बोलायचं त्याने बोलावं. कोणी उत्तर द्यायचं नाही. आणि ओसरीवरचं ओसरीवरच ठेवायचं, बाहेर न्यायचं नाही.

त्या भरवशावर रुख्माने एकदा सांगितलं — पाण्यात पोरीचा हात सुटला नाही, तिने सोडला. कडेवर तान्हा मुलगा होता. दोघं सांभाळेनात. तिच्या नवऱ्याला हे आजही माहीत नाही. आम्हाला माहीत आहे.

अशा जागी तो येऊन बसला.

१९ सप्टेंबर, सोमवार

थाळी मुद्दाम उशिरा वाजवली. त्याचे गुडघे दुखतात. मांडी बदलली, कण्हला, पुन्हा बदलली. मी थाळी धरून तशीच बसले. बाकीच्यांचेही पाय मेले असतील, त्याला इलाज नव्हता.

जागेश्वर लंगडत पायरी उतरला. "बाई, आज मोक्षच देऊन रायल्या होत्या का आमाले?"

मी हसले. कितीतरी दिवसांनी. चांगलं हसू नव्हतं ते.

२२ सप्टेंबर, गुरुवार

केशोराव म्हणतो, ओसरी गळते, टिनाचं छप्पर घालून देतो.

"गळू द्या, मालक," म्हटलं.

तो गेल्यावर जागेश्वर तणतणला. "छप्पर घ्या नं जी! दुश्मनी ठेवा, छप्परबी ठेवा. कोन अडवून रायला?"

त्याचं तसं चुकत नाही. पावसात तणस भिजते, ती त्यालाच वाळवावी लागते. पण केशोरावाच्या टिनाखाली डोळे मिटले तर मला श्वास सापडेल का?

२६ सप्टेंबर

केशोरावाचा चेहरा उजळलाय. डोळ्यांखालचं काळं गेलं. गोंदियाहून दुलीचंद व्यापारी धान बघायला आला होता, तो त्याला म्हणाला म्हणे, "मालिक, आजकल नींद अच्छी आ रही है क्या?"

मी सात वर्षं शाप दिले, लागले नाहीत. माझी बैठक मात्र लागली!

३ ऑक्टोबर, दसरा

विधवेला कोण सोनं देतं? तो देऊन गेला. आपट्याची पानं ओसरीच्या कडेला ठेवली आणि हात जोडले. मी ती म्हशीपुढे टाकली. म्हशीनेही तोंड फिरवलं.

६ ऑक्टोबर, गुरुवार

शब्द जसेच्या तसे लिहिले पाहिजेत.

थाळी झाली. मी उठणार, एवढ्यात केशोराव बोलला. डोळे मिटलेलेच होते.

"माही धानाची कोठी बुडून रायली होती. पार फोडाले उदारामले मीच धाडलं. तो जात नव्हता. म्हने, खाली टोला आहे, मालक. मी जबरीनं धाडलं. मंग समदं त्याच्याच नावावर टाकलं."

रुख्माचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

तो जोडे घालत होता तेव्हा मी अंगणात गाठलं. "हेच चावडीवर बोला."

"अनुसयाबाई, ओसरीवरचं ओसरीवरच. तुमचाच नेम आहे नं जी?"

कुत्सितपणे म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो अगदी नरमाईने म्हणाला. वर पुन्हा, "आज छाती हलकी झाली."

त्याची छाती हलकी झाली! ते ओझं ठेवलं कुठे? माझ्याच ओसरीवर!

७ ऑक्टोबर

'खाली टोला आहे, मालक.'

हे असं म्हणाले होते. सात वर्षांनी यांचा एक शब्द हाती लागला, आणि तो त्याच्या तोंडून. दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. यांच्या आवाजात म्हणून पाहिला. आवाज आठवला. मग रडू आवरेना.

१० ऑक्टोबर, सोमवार

तो आला. बसला. गेला. नाकाची शीळसुद्धा आता येत नाही.

१४ ऑक्टोबर

रुख्मा सारवायला आली. मी सरळ विचारलं, "गावाला सांगू का?"

तिचा हात शेणकाल्यात तसाच थांबला. "तुमच्या घरधन्याचं नाव धुतलं पायजे, बाई. माही पोर गेली, मी का त्याले सोडून देऊ म्हनते?"

"मग सांगते."

"सांगा. पन आज त्याचं बाहेर गेलं, तं उद्या माहं कायले राहील इथं?"

"तुझं मी मरेपर्यंत बोलणार नाही."

"तुमी नाही बोलनार जी. पन मले आता झोप येनार नाही."

कोपरे नेहमीसारखे नीट सारवले आणि गेली.

मी तिच्या बाजूने विचार करून पाहिला. खरंच पाहिला. पण दर वेळी मध्येच तो मूठ आवळलेला चिखलातला हात दिसतो.

२० ऑक्टोबर, गुरुवार

आज बैठकीत मीच डोळे उघडे ठेवले. एकेकाचं तोंड पाहिलं. सगळे कसे विसावून बसले होते. त्याच्यासकट.

ठरलं माझं.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

आज गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, होती. आसपासच्या गावांतले सगळे लोक जमले. पाळणे, चिवड्याची दुकानं, सासरहून आलेल्या लेकी. दुपारी दंडारीच्या नाचगाण्यासाठी घातलेल्या मांडवात केशोराव नारळ फोडतो, मग खेळाची तयारी सुरू होते. दरसालची रीत आहे. तो नारळ घेऊन उभा राहिला आणि मी मांडवात चढले. कोणीतरी ओरडलं, "पारफोड्याची कायले चढली वर?"

यांचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. आज मोठ्याने घेतलं.

"उदारामनं आपल्या मनानं पार फोडली नाही. मालकाची कोठी बुडत होती, मालकानं जबरीनं फोडायला लावली. उदारामनं सांगितलं होतं, खाली टोला आहे. मालकानं ऐकलं नाही. आणि हे मालकानं माझ्या ओसरीवर आपल्या तोंडानं सांगितलं. ऐकणारे इथंच उभे आहेत."

खालच्या टोल्याचा बकाराम पुढे आला. त्याची दोन्ही घरं गेली होती त्या पाण्यात. "काऊन जी मालक, खरं हाय का?"

केशोराव नारळाकडे पाहत होता. म्हणाला, "हो."

मग जे झालं ते सगळं मी पाहिलं. बकाराम थुंकला, मग त्याच्या मागचे थुंकले. केशोरावाचा फेटा खाली पडला, तो कोणी उचलून दिला नाही. दंडार झाली नाही. तो एकटा घरी चालत गेला आणि लोक दोन्ही बाजूंनी नुसते बघत राहिले.

गोड लागलं. खोटं कशाला लिहू? फार गोड लागलं.

२९ ऑक्टोबर

विहिरीवर बायकांनी वाट दिली. एक म्हातारी नव्या सुनेला सांगत होती, "ही उदारामची बायको." मी घागर तिथेच ठेवून पदर डोळ्यांना लावला. झालं. यांचं नाव यांना परत मिळालं.

रुख्मा सारवायला आली नाही.

३१ ऑक्टोबर, सोमवार

ओसरी मीच सारवली. तणसही मीच अंथरली. वाट पाहिली. रुख्मा नाही. जागेश्वर नाही. कोणीच नाही.

दिवेलागणीला केशोराव आला. घोंगडी पसरून बसला.

आम्ही दोघंच.